एका बाईचं ‘नाही’ आणि टिटवाळ्यापलीकडचं छोटं राज्य

जायचं ठरलं ते एका भांडणातून. निलिमा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. राहते मोहन्याला, कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. मी कळव्याची, नोकरी ठाण्यात, विम्याच्या ऑफिसात. महिन्यातून एकदा भेटायचं आणि कशावरून तरी वाद घालायचा हा आमचा जुना शिरस्ता. त्या दिवशी आमच्या गल्लीतला रस्ता पुन्हा खणलेला. आधी पाण्याच्या पाइपसाठी, मग केबलसाठी, आता कशासाठी ते खणणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मी वैतागून म्हटलं, “आमच्या गल्लीचं राज्य आम्हालाच देऊन टाका. बघतो आम्ही काय ते.”

निलिमा हसली नाही. म्हणाली, “टिटवाळ्याच्या पुढे एक पाडा आहे. जंगलाचा हक्क त्यांच्याकडे, निर्णय त्यांचे. तिथल्या जंगलात काही करायचं तर आधी त्यांच्या सभेला विचारावं लागतं. आमच्या स्टाफरूममधले एक सर जाऊन आलेत आणि तेव्हापासून स्तुती करताना थकत नाहीयेत. माझा काही विश्वास बसत नाही. येतेस बघायला?”

गेले. आणि जे बघितलं त्यातून अजून सावरलेले नाही. ज्यांना या ब्लॉगवर धबधबा किंवा किल्ला हवा असतो त्यांची आधीच माफी मागते. पाड्याचं नाव लिहिणार नाहीये, माणसांची नावंही बदललीत. का, ते पुढे कळेलच.

निलिमा शुक्रवारी माझ्याकडे मुक्कामाला आली आणि शनिवारी सकाळी आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो. कळव्याहून मुंब्रा बायपास, मग शीळफाटा, तिथून कल्याणचा रस्ता. मोठ्या ट्रकांच्या मधून स्कूटर चालवायची सवय नसेल तर हा रस्ता घेऊ नका, ट्रेनने सरळ टिटवाळ्याला उतरा. आम्हाला हा रस्ता घ्यावा लागला कारण माझी नणंद रूपाली डोंबिवलीच्या बाहेर एका प्रचंड मोठ्या टाउनशिपमध्ये राहायला गेली आहे आणि “इतक्या जवळून जाताय तर नाश्त्याला या” असा तिचा हुकूम होता.

गेटवर आमचे फोटो काढले. रूपालीच्या मोबाइलवर ते गेले, तिने होकार दिला, मग दांडा वर झाला. आत गेल्यावर बाहेरच्या धुळीचा पत्ता नाही. स्वतःचं पाणी, स्वतःच्या बसगाड्या, स्वतःचे पहारेकरी. कांदेपोहे खाताना रूपाली अभिमानाने सांगत होती, “आमचा महापालिकेशी संबंधच येत नाही गं. लाइट गेली तरी कळत नाही.”

मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. परत निघताना लिफ्टशेजारी लावलेली सूचना निलिमाने मोठ्याने वाचली. घरकाम करणाऱ्या व्यक्तींनी बागेतील बाकांवर बसू नये. खाली जिन्याच्या पायरीवर दोन बायका डबा उघडून बसल्या होत्या. पुढचं काम सुरू व्हायला वेळ होता, तोवर जाणार कुठे?

“हे कुणी ठरवलं?” निलिमाने विचारलं.

“मॅनेजमेंटने,” रूपाली म्हणाली.

“तुम्हाला विचारलं होतं?”

“आम्ही भाड्याने राहतो ना. आम्हाला कोण विचारतंय?” आणि मग जरा ओशाळून, “म्हणजे मलाही नाही पटत. पण इथे सगळं इतकं छान चाललंय, की बोलायचं कुठे आणि कशाला, असं होतं.”

स्कूटरवर मागे बसल्या बसल्या निलिमा माझ्या कानाशी ओरडली, “अपू, हे तुझं पहिलं छोटं राज्य!”

कल्याण ओलांडून आम्ही मोहन्याला निलिमाच्या घरी जेवलो. बंद पडलेल्या रेयॉन कंपनीची लांबच लांब भिंत अजून तिथे उभी आहे, आत झाडं माजलीत. दुपार तिथेच काढली, ऊन उतरल्यावर टिटवाळा गाठलं. गणपतीच्या देवळाजवळ लॉज बरीच आहेत. सुट्टीचा दिवस किंवा चतुर्थी असेल तर आधी फोन करून जा. आम्हाला स्वच्छ खोली आणि गरम पाणी मिळालं, खिशाला झळ बसली नाही. चारही बाजूंना नवीन इमारती उठतायत. संध्याकाळी चहा पिताना मी सहज म्हटलं की एवढ्या इमारतींच्या भरावाला लागणारी माती येते कुठून? टपरीवाला हसून म्हणाला, “उद्या तिकडेच चाललाय ना? बघालच.”

बघितलं. रविवारी सकाळी गावाबाहेर पडून आत वळलो. डांबर संपलं, डंपरनी उखडलेला कच्चा रस्ता सुरू झाला. भातकापणी होऊन गेलेली, खाचरांत पेंढ्याचे भारे. आणि एका वळणावर मी ब्रेकच दाबला. समोर टेकडी होती, म्हणजे अर्धी होती. उरलेली अर्धी कुणीतरी पावासारखी कापून नेलेली. लाल, उघडी, सरळ उभी भिंत, वरच्या कडेला एक झाड मुळं लोंबकळत अधांतरी. मुरूम काढून काढून डोंगर संपवलेला. आमच्या ठाण्या-कल्याणच्या इमारतींखाली हेच डोंगर भरलेत हे मला माहीत होतं म्हणा, पण डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आणि त्याला लागूनच पुढची टेकडी, गच्च हिरवी. साग, ऐन, मोह, मध्ये बांबूची बेटं. जणू कुणीतरी दोघांमध्ये रेघ मारून दिली होती.

“इथून त्यांचं लागतं,” निलिमा म्हणाली.

रेघ खरोखरच होती. पाड्याच्या तोंडाशी पाटी: या हद्दीतल्या जंगलाचे निर्णय आमची सभा घेते.

काशिनाथ आमची वाटच बघत होते. पन्नाशीचे, चष्मा, पांढरा सदरा. सभेचं कामकाज तेच बघतात. स्टाफरूममधल्या सरांनी त्यांना फोन केलेला. त्यांनी आधी कोरा चहा दिला आणि मग आम्हाला टेकडीवर नेलं. चालता चालता सांगत होते. कायद्याने जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, त्याआधी कितीतरी वर्षं खेटे घालण्यात गेली. आता बांबू कधी तोडायचा, मोह कुणी वेचायचा, गुरं कुठवर न्यायची हे सगळं पाडा बसून ठरवतो. आणि ठरतं ते सगळ्यांच्या होकाराने. एकानेही नाही म्हटलं तर ठराव होत नाही.

“एकाने पण?” मी विचारलं.

“एकाने पण. मग बोलत बसायचं. दोन दोन दिवस बसतो आम्ही. कायद्यात तसं नाही, तो आमचा नियम आहे. निम्म्यांनी निम्म्यांवर राज्य करायचं असेल तर ते बाहेर चालूच आहे की.”

वर लक्ष्मण भेटले. काळेसावळे, उंच, खांद्यावर कोयता. काशिनाथ म्हणाले, “ही टेकडी आज दिसते ती यांच्यामुळे. ठेकेदाराचे डंपर आले तेव्हा पहिल्या डंपरपुढे हे आडवे झाले. चाक इथवर आलं होतं.” त्यांनी हाताने वीतभर अंतर दाखवलं. लक्ष्मण लाजल्यासारखे हसले. “मी एकला नव्हतो. सगला पाडा बसला व्हता.” मी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला.

खाली उतरताना मी निलिमाला सोडलंच नाही. “बघ! मुंबईत बसलेल्याला या टेकडीचं काय पडलंय? ज्याची गुरं इथे चरतात तोच राखणार ना? आणि यांचं काही चुकलंच तर एका पाड्यापुरतं चुकेल. जमलं तर शेजारचे पाडे बघतील, तेही करतील. देशाचं यात नुकसान काय आहे सांग. उलट फायदाच आहे.”

“आणि एखाद्याचं चुकलं असं पाड्यानेच ठरवलं,” निलिमा म्हणाली, “तर त्याने जायचं कुठे?”

काशिनाथांनी ते ऐकलं. “ताई, आमच्याकडे तो प्रश्नच येत नाही. पाड्याचं भांडण पाड्यातच मिटतं. पोलीस नाही, कोर्ट नाही, वकील नाही.”

मला ते इतकं आवडलं, की या पोस्टचं नाव तेच द्यायचं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

जेवण काशिनाथांच्या घरी. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, वालाची उसळ. काशिनाथांच्या बायकोने किती वाढावं याला मर्यादाच नव्हती. सभा दुपारी होती, आम्ही पाहुण्या म्हणून कडेला बसणार होतो. मधल्या वेळात बाटल्या भरून आणू म्हणून आम्ही दोघी विहिरीवर गेलो.

विहिरीवर चार बायका होत्या, गप्पा चालू होत्या. जरा लांब, आंब्याच्या खोडाला टेकून आणखी एक बाई बसलेली, पुढ्यात रिकामा हंडा. वय माझ्याएवढंच असेल. मला वाटलं थकली असेल. बायकांनी हंडे भरले, आमच्याशी हसल्या, कुठून आलात विचारलं आणि निघाल्या. जाताना तिच्या समोरून गेल्या. एकीनेही तिच्याकडे बघितलं नाही. त्या लांब गेल्यावर ती उठली आणि विहिरीपाशी आली.

माझ्या काहीच लक्षात आलं नाही. निलिमाच्या मात्र आलं. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा कधी पाहिला नव्हता. पोहरा बाजूलाच होता, पण तिने त्याला हात लावला नाही. त्या बाईपुढे जाऊन ओंजळ धरली. “पाणी घालता का, ताई?”

बाई दचकली. “माज्या हातचं?”

“तुमच्याच हातचं.”

तिने पाणी ओतलं. ओतताना दिसलं, तिचं उजवं मनगट वाकडं होतं, हाड बसलं होतं पण भलतीकडेच. निलिमा प्यायली आणि सरळ विचारलं, “किती दिवस झाले बोलणं टाकून?”

“पावसाच्या आधीपासून,” ती म्हणाली.

यमुना तिचं नाव. नवरा भिवंडीला गोडाऊनमध्ये हमालीला. घरात ती, सासू आणि दीर. दीर दारू प्यायला की हात उचलायचा. एकदा तिने दारात अडवलं तर काठीने मनगट मोडलं. तिने सभेत सांगितलं. सभेने दिराला समज दिली. पुन्हा मारलं. तेव्हा ती एकटी चालत टिटवाळ्याला गेली आणि पोलिसांत तक्रार देऊन आली. सभेचं म्हणणं पडलं, भांडण पाड्याबाहेर का नेलंस? तक्रार मागे घे, तोवर तुझ्याशी कुणी बोलणार नाही. नवऱ्यावर दडपण आलं, तो भिवंडीहून यायचाच बंद झाला.

“दीर म्हणजे कोण?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

“लक्ष्मण.”

माझ्या हातातली बाटली सुटून खाली पडली. तिनेच वाकून उचलून दिली.

“तेच? टेकडीवाले?”

“तेच. टेकडी राखली त्यांनी, खोटं नाय. मी पन व्हते ना तवा. त्यांच्या बाजूलाच बसले व्हते डंपरपुढं.”

ती हंडा भरून गेली. निलिमा विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली. मग म्हणाली, “माझे आजोबा नगरकडचं गाव सोडून मोहन्याला आले ते नोकरीसाठी, असं मी तुला सांगितलंय ना? नोकरी नंतर लागली, रेयॉन कंपनीत. आधी गाव सुटलं. गावाने ठरवलं होतं यांना पाणी नाही, यांच्या घरी कुणी जायचं नाही. त्या गावातही सगळं सगळ्यांच्या संमतीनेच चालायचं, अपू. फक्त आम्ही त्या सगळ्यांत नव्हतो.”

इतक्या वर्षांची मैत्री, आणि हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, “निघू या?”

“नाही,” ती म्हणाली. “आता सभा बघूनच जाऊ.”

सभा शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत बसली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, सगळे जमिनीवर गोल करून. यमुना गोलाच्या बाहेर, शाळेच्या पायरीजवळ. लक्ष्मण पुढच्या ओळीत. विषय मोठा होता. कापलेल्या टेकडीच्या ठेकेदाराला आता पाड्याच्या जंगलातून डंपरचा रस्ता हवा होता. बदल्यात देवळाला सभामंडप बांधून देतो आणि बोअरवेल मारून देतो म्हणत होता. रस्ता एकदा झाला की हिरव्या टेकडीचं काय होणार ते लहान पोरालाही कळत होतं. तालुक्याला पाड्याचं म्हणणं कळवायचं होतं; वेळेत लेखी नकार गेला नाही तर हरकत नाही असंच धरलं जाणार होतं. काशिनाथांनी सगळं समजावून सांगितलं, थोडी चर्चा झाली, सभामंडपाचा मोह पडलेल्या दोघांची समजूत निघाली. मग काशिनाथ म्हणाले, “तर रस्त्याला आपली परवानगी नाही. सगळ्यांचं हो?”

हात वर झाले. सगळीकडून “हो, हो” आलं. काशिनाथ समाधानाने मान हलवून पुढचं बोलणार, इतक्यात पायरीकडून आवाज आला.

“माजं नाय.”

यमुना उभी राहिली होती. काशिनाथांनी तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. तिच्याशी बोलायचं नव्हतं ना! ते ठरलेलं होतं. ते नुसतेच उभे, तोंड अर्धवट उघडं.

लक्ष्मण ताडकन उठले. “ठेकेदारानं फितवली हिला! मी सांगतो, पैसं खाल्लं हिनं!”

यमुनाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. थेट काशिनाथांना म्हणाली, “काशिभाऊ, मी या सभेत हाय का नाय, ते आधी सांगा. नसंन तर माजं नाय मोजू नका. करा ठराव. पन मंग सगल्यांनी मिलून केला असं म्हनायचं नाय. एकीला भाइर ठेवून केला असं म्हनायचं. आन असंन, तर माज्याशी बोला.”

काय चाललंय ते मला तेव्हा कळलं. या बाईला टेकडी विकायची नव्हती. त्या टेकडीसाठी ती मरायला बसलेली बाई. पण जी एक गोष्ट पाड्याला तिच्याकडून काढून घेता आली नव्हती, तीच तिने सगळ्यांसमोर धरली होती. रस्त्याला नकाराचा ठराव झाला नाही तर डंपर येणार. आणि ठराव व्हायचा तर तिच्याशी बोलावं लागणार.

“यमुना,” असं म्हटलं ते काशिनाथांनी नाही. बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठली. तिची सासू. लक्ष्मणची आई. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत ती गोलातून बाहेर आली, पायरीपाशी गेली आणि यमुनाच्या शेजारी जमिनीवर बसली.

“हात मोडला तवा मी घरात व्हते,” ती म्हणाली. “आवाज ऐकला मी हाडाचा. पोराला वाचवाया गप बसले. आता नाय बसत.”

“आये!” लक्ष्मण ओरडले.

“तू गप,” म्हातारी म्हणाली. आवाज न चढवता.

मग मघाशी विहिरीवर भेटलेल्या चौघींपैकी एक उठली. पोराला कडेवर घेऊन यमुनाजवळ जाऊन बसली. मग दुसरी. बायकांचा अख्खा अर्धा गोल हळूहळू सरकत शाळेच्या पायरीकडे गेला. यमुना उभीच होती, ओठ घट्ट मिटून. पुरुषांमध्ये कुजबुज. लक्ष्मणनी एकदा सगळ्यांकडे बघितलं, कोयता उचलला आणि तो खांद्यावर टाकून ते टेकडीच्या वाटेने चालू लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

काशिनाथांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. “भांडण बाहेर न्यायचं नाही हा नियम माझाच,” ते म्हणाले. “आपली घरची भांडणं हेरून बाहेरच्यांनी आपल्याला फोडलं होतं, जमिनी गेल्या होत्या. म्हणून केला. चांगल्यासाठी केला. पण ज्याला मार बसतो त्याला दार बंद झालं, ते मला दिसलं नाही. किंवा दिसलं आणि लक्ष्मण आहे म्हणून मी बघितलं नाही.” मग तिच्याकडे वळून, “यमुना, तू सभेत आहेस. आमचं चुकलं.”

त्यानंतर जे झालं त्याला पुष्कळ वेळ लागला. वाद झाले, दोन म्हातारे रुसून उठले, परत आले. सूर्य कापलेल्या टेकडीमागे उतरला तेव्हा कुठे ठरलं. बोलणं टाकण्याचा निर्णय रद्द. पुन्हा कुणावरही तो घ्यायचा नाही. मारहाण झाली तर ज्याला बाहेर दाद मागायची त्याने मागावी, सभा अडवणार नाही आणि सोबत माणूस देईल. लक्ष्मणवरची केस कोर्टात चालेल तशी चालेल. मग काशिनाथांनी रस्त्याचा विषय पुन्हा घेतला. हात वर झाले. ते थांबले. “यमुना?”

“हो,” ती म्हणाली. आणि तेव्हा कुठे खाली बसली.

निघताना तिला विचारलं, हे सगळं लिहू का? म्हणाली, “लिवा. गावाचं नाव टाकू नका. मना इथंच ऱ्हायाचंय.”

उजेड होता तोवर डांबरी रस्ता गाठला. टिटवाळ्याला चहाला थांबलो.

“बघितलंस?” निलिमा म्हणाली. “ती उभी राहू शकली कारण तिला तक्रार द्यायला टिटवाळा होतं. पाड्याबाहेर एक देश होता, त्याचा एक कायदा होता. तो नसता तर ती पहिल्याच मारानंतर गप झाली असती.”

“आणि पाडा नसता तर?” मी म्हटलं. “तिचं ‘नाही’ कुठे चाललं असतं? मला सांग, आपल्या दोघींच्या एका ‘नाही’ने आजवर काय अडलंय? एक खड्डा तरी? दुपारी ज्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, त्यांनी संध्याकाळी चूक कबूल केली, तिच्या तोंडावर. केवढ्या मोठ्या जागी हे होतं गं?”

निलिमाने चहा संपवला. मग म्हणाली, “असतील अशी छोटी राज्यं तर असू देत. पण प्रत्येकाला बाहेर उघडणारं दार हवं. आणि ते दार बाहेरून कुणीतरी उघडं धरून ठेवायला हवं.”

तिला मोहन्याला सोडलं आणि मी एकटी कळव्याला आले.

जाणाऱ्यांसाठी थोडं: टिटवाळ्यापलीकडे असे हक्क मिळालेले पाडे आहेत, पण ती सहलीची ठिकाणं नाहीत. ओळखीने, आधी विचारून जा. स्कूटर असेल तर पेट्रोल टिटवाळ्यातच भरा, पुढे पंप दिसला नाही. आणि गेलात तर जेवून लगेच निघू नका. आम्ही जेवून निघालो असतो तर आज तुम्ही एका आदर्श पाड्याबद्दल वाचत असता, वर लक्ष्मणबरोबरचा माझा हसरा फोटो. मी खोटं लिहिलं नसतं. जे दिसलं तेच लिहिलं असतं.

लोक विचारतात, देशात असे स्वतःचं चालवणारे तुकडे असावेत का? मी त्या सकाळी टेकडी उतरताना असावेत म्हणत होते आणि आजही म्हणते, पण त्याच तोंडाने नाही. त्या टेकडीचा मुरूम होऊ न देणारी माणसं आणि बाईला पाण्यासाठी झाडाखाली बसवून ठेवणारी माणसं तीच होती, हे मला पचवता आलेलं नाही. पचू नये असंही वाटतं.

काल आमच्या सोसायटीची मीटिंग होती. पुनर्विकासाची. बिल्डरचा आराखडा भिंतीवर लावलेला, गच्चीवर खुर्च्या, सगळ्यांना घरी जायची घाई. सेक्रेटरींनी हात वर करायला सांगितलं, झाले. तळमजल्यावरच्या सावंतकाकूंचा झाला नाही. “एक विरोध, बाकी सगळे बाजूने. मंजूर,” सेक्रेटरी म्हणाले आणि लिहायला लागले.

“थांबा ना,” मी म्हटलं. “काकू नाही का म्हणतायत, ते विचारू या की.”

सगळे माझ्याकडे असे वळले, जणू मी काहीतरी अचकटविचकट बोलले. नवऱ्याने माझा हात दाबला. कुणीतरी म्हणालं, “अहो, बहुमत आहे. कशाला?” मी बसले नाही. मग सेक्रेटरी नाइलाजाने म्हणाले, “बोला काकू.”

सावंतकाकू उठल्या. त्यांनी आधी पदर सारखा केला. त्यांचा मुलगा व्हीलचेअरवर असतो, ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, रोज दारात बसलेला दिसतो. “नवीन नकाशात तळमजल्याला घर नाहीये,” काकू म्हणाल्या. “खाली नुसतं पार्किंग आहे. मला बारावा मजला दिलाय. लिफ्ट बंद पडली की मी ह्याला खाली कसा आणू?”

भिंतीवरचा नकाशा आम्ही सगळ्यांनीच बघितला होता. महिनाभर बघत होतो. मी सुद्धा.

सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले.